ताट पडलं की पोरगं टेबलाखाली जातं, मी काय करू?

यावेळचं पत्र मोठं आहे, थोडक्यात देते, आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. लिहिणारे सर राजगड तालुक्यातल्या (म्हणजे आपलं वेल्हं, नाव बदललं तरी तोंडात तेच येतं) एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहेत, मूळचे बीडकडचे. त्यांच्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा आलाय. मागच्या दिवाळीनंतर त्याच्या घरात भांडण झालं, वडिलांनी आईला मारलं, त्यात आई गेली. पोरगं तिथंच होतं. वडील येरवड्याला जेलमध्ये, मुलगा आता आजोळी, आईच्या आईकडं. सर लिहितात:

"खिचडीची ताटं धुताना एक ताट फरशीवर पडलं तर हा एकदम माझ्या टेबलाखाली, दोन्ही कानांवर हात, चड्डी ओली. बाहेर काढायला गेलो तर हाताला कडकडून चावला. रोज कुणाला तरी मारतो. कधी तासभर नुसता खिडकीकडं बघत बसतो, नाव घेतलं तरी कळत नाही. आजी म्हणते बाहेरचं आहे, देवऋषाकडून गंडा बांधून आणलाय. केंद्रप्रमुख म्हणतात निपुणमध्ये (सरकारचा वाचन-गणिताचा कार्यक्रम) तुमचा हा एक मुलगा मागं आहे. एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं मुलाला बोलतं करा, म्हणून चित्र काढायला लावलं आणि घरी काय झालं ते विचारलं, त्यानंतर तो दोन दिवस शाळेतच आला नाही. बाकीची पोरं म्हणतात सर त्याला तुम्ही काहीच बोलत नाही. मी मास्तर आहे, डॉक्टर नाही, मी करू तरी काय? आणि आता रात्री मलाच झोप लागेना."

सर,

आधी ते विचारणं बंद करा. चित्र काढून घेणं, जवळ घेऊन हळूच काढून घेणं, सगळंच. तुमचा हेतू चांगला होता आणि ट्रेनिंगमध्ये असंच सांगतात हेही मला माहितीये, बोललं की मन हलकं होतं वगैरे. मोठ्या माणसाचं ऑफिसात वाजलं असेल तर होतंही हलकं. पण आठ वर्षांच्या पोरानं जे डोळ्यांनी बघितलंय ते सांगायला लावणं म्हणजे त्याला परत त्या खोलीत नेऊन उभं करणं आहे, आणि तिथून बाहेर कसं आणायचं हे तुम्हाला शिकवलेलं नाही, मग दुपारी साडेबाराला शाळेच्या व्हरांड्यात तो तिथंच अडकून राहतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. मोठ्या आघातानंतर माणसाला एकदाच बसवून सगळं वदवून घ्यायची पद्धत जगभर वापरून झाली, तिचा फायदा दिसला नाही, काहींचा त्रास उलट वाढला. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आता तसं करू नका म्हणते. त्यांनी २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली तिचं सार तीन शब्दांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. खोदा असं त्यात कुठंच नाही.

दुसरं कारण कोर्टाचं आहे, याकडं कुणाचं लक्ष जात नाही. खुनाची केस आहे आणि मुलगा समोर होता, म्हणजे उद्या तो साक्षीदार असू शकतो. तुम्ही, आजी, मामा, शेजारीण, सगळ्यांनी दहा वेळा विचारलं की पोराच्या डोक्यात स्वतः बघितलेलं आणि लोकांनी बोललेलं याची मिसळण होते, मग वकील उभा राहून विचारतो की बाळ, हे तुला कुणी शिकवलं. तो आपणहून बोलला तर ऐका. पुढं काय, मग काय, असं विचारू नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही" एवढं म्हणा, आणि तो गेल्यावर त्याचे शब्द जसेच्या तसे तारीख टाकून एका वहीत लिहा. ती वही कपाटात कुलपात ठेवा, मुख्याध्यापकांच्या टेबलावर नको, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये तर हा विषय काढायचाच नाही.

"तुझी काही चूक नाही" हे म्हणायला सांगितलं ते मुद्दाम. या वयाची मुलं हमखास असं धरून बसतात की मी रडलो म्हणून झालं, मी मध्ये पडलो नाही म्हणून झालं. त्यामुळे हे वाक्य कधीही, कितीही वेळा म्हटलं तरी चालतं.

आता ताटाचं. तुमच्या पत्रातली तीन वागणी शेजारी शेजारी ठेवून बघा: चावला, टेबलाखाली पळाला, खिडकीकडं बघत थिजला. जीवावर बेतलं की कुठलंही जनावर यातलंच एक करतं, माणूस पण. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे, तो धोका ओळखतो आणि विचार करणारा मेंदू जागा व्हायच्या आत शरीराला कामाला लावतो, अड्रेनॅलिन सुटतं, छाती धडधडते, लघवी होते. साधारणपणे धोका टळला की हे सगळं खाली बसतं. पण ज्या पोरानं घरात महिनोन्‌महिने मारहाण बघितली आणि शेवटी हे बघितलं त्याचा तो भाग कायम तयारीत बसलेला असतो, आणि त्याला फरशीवर आपटलेलं स्टीलचं ताट आणि त्या रात्रीचा आवाज यातला फरक कळत नाही. त्या घरातही भांडी पडलीच असणार ना सर. म्हणजे चावला तो तुम्हाला चावलाच नव्हता. अंधारात एक मोठा पुरुष हात घालून आपल्याला ओढतोय एवढंच त्याला कळत होतं.

म्हणून पुढच्या वेळी ओढायचं नाही. हाताच्या अंतरापेक्षा लांब, जमिनीवर बसायचं, त्याच्या उंचीला यायचं, बाकीच्या पोरांना दुसऱ्या मॅडमकडं पाठवायचं. आवाज खाली, वाक्यं छोटी. "मी सर आहे. आपण शाळेत आहोत. ताट पडलं. कुणी कुणाला मारलं नाही. मी इथंच बसतो." मग गप्प. काय झालं, का घाबरलास, बाहेर ये बरं, यातलं काही नाही, कारण त्या क्षणी प्रश्नाचं उत्तर देणारा मेंदू बंद असतो. दोन मिनिटांनी परत तेच. हळूहळू तो तुमच्याकडं बघायला लागेल, मग पाण्याचा तांब्या पुढं सरकवा, फरशीवर पाय टेकव म्हणा, फरशी गार लागते का विचारा. गार पाणी, पायाखालची फरशी, खिडकीतून दिसणारी टाकी, या असल्या साध्या गोष्टींनी माणूस आत्ताच्या वेळेत परत येतो. कपडे बदलायला एक जुनी चड्डी शाळेत ठेवून द्या आणि ते काम गाजावाजा न करता होऊ दे. बाकीच्यांसमोर माफी मागायला लावणं, हसण्यावारी नेणं, दोन्ही नको.

आणि ताटं. स्वयंपाकवाल्या ताईंना एवढंच सांगा की ताटांचा ढीग आपटू नका, खाली एक पोतं टाका. कारण सांगायची गरज नाही, सरांना आवाजाचा त्रास होतो म्हणा. ताटं मांडायच्या आधी त्याला म्हणायचं, "आता ताटं येणारेत, आवाज होईल." अचानक होणारा आवाज आणि माहीत असलेला आवाज यात त्याच्यासाठी जमीन अस्मानाचा फरक आहे. काही आठवड्यांनी तो स्वतः ताटं वाटायला मागेल, तेव्हा देऊन टाका, आवाज त्याच्या हातात असेल. लेझीमचंही तसंच. लेझीम खरं तर अशा मुलांना फार चांगली, ताल आहे, अंग हलतं, सगळ्यांबरोबर एका ठेक्यात जायचं असतं. पण वीस लेझमा एकदम खळाळल्या तर तो गेट ओलांडून पळेल, म्हणून आधी एकट्याला मैदानात एक लेझीम हातात द्या, वाजव तुला हवी तशी. तालाचे पाढे, हातवाऱ्यांची कविता, दोरीच्या उड्या, हे रोज थोडं थोडं होऊ दे, सगळ्या वर्गाला होऊ दे.

तुमचा प्रश्न होता की मी डॉक्टर नाही, मग करू काय. सर, उपचार तुम्ही करायचेच नाहीयेत. त्या पोराच्या आयुष्यात पुढं काय होईल हे कुणालाच सांगता येत नाहीये, आजी किती दिवस, बाप सुटून येणार का, कोर्टात जायचं का. अशा पोराला रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक जागा मिळाली जिथं पुढं काय होणार हे आधीच माहीत असतं, आणि जिथला मोठा माणूस कालच्यासारखाच आज वागतो, तर ते काम तुमच्याशिवाय कुणी करू शकत नाही. पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयाचा डॉक्टरपण नाही, तो महिन्यातनं एकदा भेटणार.

हे कंटाळवाणं काम आहे हे आधीच सांगते. परिपाठ रोज त्याच क्रमाने. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचं वेळापत्रक, वाचता येत नसेल तर चित्रांनी. तुम्हाला मीटिंगला पंचायत समितीत जायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, "उद्या मी नाही, मॅडम असतील, परवा मी येणार", आणि परवा या. त्याची जागा भिंतीला पाठ आणि दार दिसेल अशी, पाठीमागून कुणी येणार नाही अशी. मागून डोक्यावर टपली मारायची आपली मास्तर लोकांची सवय असते, प्रेमाने का असेना, ती त्याच्यापुरती नाही तर सगळ्यांपुरतीच सोडा. छडी तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने कधीच बंद झालीये, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही, पण अजून खेड्यात पालकच येऊन सांगतात की सर हाणा त्याला, आमची हरकत नाही. या पोराच्या बाबतीत एक छडी तुमची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात घालेल.

मग शिस्तीचं काय? तो मारतो, आणि बाकीची पोरं तक्रार करतात ती अगदी रास्त आहे. नियम सगळ्यांना एकच, शाळेत कुणी कुणाला मारायचं नाही, आणि त्यालाही तो लागू. त्याची दया येऊन नियम सैल केला तर त्याला वाटतं इथंही मोठ्यांचा काही भरवसा नाही. फक्त क्रम बदला. आधी शांत होऊ द्या, बोलणं नंतर, त्याच दिवशी, एकट्यात, दोन वाक्यांत: "तू रमेशला मारलंस. त्याला लागलं. आता नीट करायला काय करशील?" तो पाणी आणून देईल, वही उचलून देईल, माफी म्हणेल किंवा नाही म्हणणार, चालेल. (रमेश हे नाव मीच घातलंय.) आणि बाकीच्या पोरांना त्याची कहाणी सांगून सहानुभूती मागू नका, त्यांना गावातून सगळं माहितीच असतं, आणि तुम्ही बोललात की त्यावर शिक्का बसतो. त्यापेक्षा वर्गात एक कोपरा करा, एक सतरंजी, दोन गोष्टीची पुस्तकं, एक माठ, आणि सांगा की ज्याला राग आला, रडू आलं, डोकं गरम झालं त्यानं पाच मिनिटं इथं बसावं, विचारायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात सगळी पोरं गंमत म्हणून जाऊन बसतील, बसू दे. नंतर ज्यांना खरी गरज आहे तेवढीच उरतील, आणि तुम्हाला कळेल की तुमच्या वर्गात हा एकटा नाहीये. विशेषतः मागे बसणारी, कधी त्रास न देणारी, सगळे तिला गुणी म्हणतात अशी एखादी पोरगी तिथं रोज दिसली तर तिच्याकडं लक्ष ठेवा. मारणाऱ्याची दखल घेतली जाते, थिजलेलीची घेत नाहीत.

एक सांगायचं राहिलं, हल्ली वर्कशॉपमध्ये मुलांच्या वाईट अनुभवांची यादी देऊन गुण मोजायला सांगतात. ती यादी अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून आलीये, फेलिटी आणि अँडा यांचा, १९९८ चा, बालपणी जितक्या प्रकारचे आघात तितके मोठेपणी शरीराचे आणि मनाचे आजार जास्त, असं त्यात दिसलं. अभ्यास महत्त्वाचा आहे, पण तो हजारो मोठ्या माणसांच्या आकड्यांवर आहे, एका पोराचं भविष्य सांगायला नाही. तसले फॉर्म वर्गात भरून घेऊ नका.

अभ्यासाचं मी केंद्रप्रमुखांना दोष देत नाही, त्यांनाही वर आकडे द्यायचे असतात. पण ज्याचं अर्धं लक्ष दाराकडं आहे त्याला हातचा घेऊन वजाबाकी येणार नाही, म्हणून तो मठ्ठ ठरत नाही. त्याला कमी द्या, पण पूर्ण सोडू नका. दहा गणितांऐवजी तीन, आणि ती तीन बरोबर आली की बरोबर म्हणा. आपल्याला काहीतरी येतं हे कळणं हे त्याच्यासाठी औषधासारखंच आहे. परसबागेत पाणी घालायचं काम त्याच्याकडं द्या, रोजचं, त्याचंच.

आणि प्लीज, तिसरी चौथीचा तो "माझी आई" निबंध. दरवर्षी कुठल्या तरी चाचणीत येतोच. त्याच्याऐवजी "माझं आवडतं माणूस" द्या, सगळ्या वर्गाला, म्हणजे तो वेगळा पडणार नाही. "आईची सही आण" म्हणू नका, "घरून सही आण" म्हणा. फॉर्मवर वडिलांचा मोबाईल नंबर त्याला सगळ्यांसमोर विचारू नका. या असल्या गोष्टी आपण इतक्या सवयीने करतो की लक्षातच येत नाही.

त्यानं कधी विचारलं की आई कधी येणार, तर आजी काय सांगते ते आधी आजीला विचारून घ्या. देवाघरी गेली, तारा झाली, गावाला गेली, यातलं काही असेल तर आजीला समजवा की खरं सांगू. "आई वारली. ती आता परत येणार नाही. तुला तिची आठवण येते, मला माहितीये." आठ वर्षांच्या मुलाला हे कळतं. न सांगितल्यावर तो वाट बघत बसतो, किंवा आपण काही केलं म्हणून ती येत नाही असं समजतो. गणपतीनंतर पितृपक्ष येईल. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला करतात, गावात चर्चा होणार, नवरा कोण आणि कुठं यावरही होणार. मग दिवाळी आणि त्या दिवसाला वर्ष. या काळात त्याचं वागणं बिघडलं तर तुमचे उपाय फसले असं समजू नका. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असते हे त्याच्यासाठी वाईट आहे, तुम्ही बीडला जाणार, जा, पण सुट्टी कधी संपते ते त्याच्या वहीत कॅलेंडर काढून द्या, आणि जमलं तर मधे एकदा आजीच्या फोनवर फोन करा.

गंड्यावरून आजीशी भांडू नका. तिची लेक मेलीये सर, तिला कुठंतरी हात पसरायचाय. गंडा, अंगारा, नारळ, असू दे. मात्र मिरचीची धुरी, मारणं, उपाशी ठेवणं, भूत उतरवायचं म्हणून अंगाला चटके, असलं काही कळलं तर तिथं थांबवायचं, त्याला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि पोलिसांत तक्रार करता येते. गोड बोलून आजीला म्हणा, "देवाचं तुम्ही करा, डॉक्टरचं मी करतो."

डॉक्टर लागणारच आहे. घटनेनंतर पहिले काही आठवडे असं वागणं बहुतेक मुलांत दिसतं आणि बऱ्याच जणांचं ते आपोआप कमी होतं, पण इथं आठ-नऊ महिने झालेत, आणि तासभर हरवणं, चड्डी ओली होणं, हे थांबत नाहीये. यावर उपचार आहेत, मुलांवर चांगला गुण येतो, आणि त्यात ती घटना सांगणंही असतं, पण शिकलेल्या माणसासमोर, हळूहळू, सांभाळणाऱ्याला बरोबर घेऊन. आता गंमत अशी की पुण्यात मानसोपचार म्हटलं की लोकांच्या तोंडात येरवडा येतं, आणि याचा बाप येरवड्यालाच आहे, जेलमध्ये. पोरं आत्ताच चिडवत असतील, त्यात तुम्ही येरवड्याचं मनोरुग्णालय म्हणालात तर आजी दार लावून घेईल. ससूनला मानसोपचार विभाग आहे, तिथं न्या, आणि "शहरात मोठ्या दवाखान्यात दाखवू, झोप लागत नाही त्याला" एवढं म्हणणं पुरे, ते खोटंही नाही. स्वारगेटपर्यंत एसटी, तिथून पुढं, म्हणजे आजीची एक दिवसाची मजुरी जाणार, तर शक्यतो पहिल्यांदा तुम्ही किंवा आशाताई बरोबर जा. त्याआधी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठराविक दिवशी येते का, दिवस पीएचसीतनं, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातनं कळेल. शाळेत मुलांच्या आरोग्य तपासणीला आरबीएसके या सरकारी कार्यक्रमाची गाडी येते त्या डॉक्टरांनाही दाखवून ठेवा, नुसतं वजन उंची मोजून जाऊ देऊ नका त्यांना. आणि १४४१६, टेलिमानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनलाईन २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. ही लाईन तुम्ही स्वतःही वापरू शकता, मुलाबद्दल विचारायला, आणि झोप लागत नाही हे सांगायलाही. रेंज नसेल तर शनिवारी खाली उतरल्यावर करा.

पैशाचं सगळ्यात आधी करा खरं तर, मीच खाली लिहितेय. बालसंगोपन योजना, आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आहे, महिन्याला २२५० रुपये मिळतात, नातेवाईकांकडं राहणाऱ्या अशा मुलांसाठीच आहे, आई वारलेली, बाप जेलमध्ये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जातो, घरी चौकशीला येतात, बालकल्याण समिती आदेश काढते. आईचा मृत्यू दाखला, आधार, रेशनकार्ड, बोनाफाईड, बँक पासबुक एवढं जमवायला लागा, बाकी काय लागेल ते ऑफिसात सांगतील. समितीचं नाव ऐकून आजी घाबरेल की पोराला आश्रमात टाकतील. तिला नीट सांगा की ही योजना मूल संस्थेत जाऊ नये, घरच्यांकडंच राहावं म्हणून आहे. दुसरं, गुन्ह्यात कुणी गेलं तर त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना सरकारकडून भरपाई मागता येते, त्यासाठी शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, वकील फुकट मिळतो, फोन १५१००. कोर्टात मुलाला बोलावलं तर काय करायचं हेही तिथंच विचारा. घरी परत काही धोका वाटला, कुणी दमदाटी करायला आलं, तर १०९८, मुलांची हेल्पलाईन.

एक कायद्याची गोष्ट या मुलाची नाही पण त्या कोपऱ्यामुळे तुमच्यापुढं येऊ शकते म्हणून लिहितेय. उद्या एखाद्या मुलीनं किंवा मुलानं अंगाला हात लावण्याबद्दल, तसल्या त्रासाबद्दल काही सांगितलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यात कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. कुणाची परवानगी लागत नाही, खात्री करून घ्यायची जबाबदारीही तुमची नाही. न कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, संस्थाप्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं लपवलं तर वर्षापर्यंत. गावात लोक म्हणतील मिटवून घेऊ, पोरीचं लग्न व्हायचंय, शाळेचं नाव जाईल. मिटवून घ्यायचं नसतं.

तुमच्या झोपेचं. असं ऐकून, बघून, मास्तरांनाही त्रास होतो आणि तो कमकुवतपणा नाही. दुसऱ्या मॅडमना सगळं माहीत असू द्या, तो बिथरला की कोण त्याच्याकडं आणि कोण वर्गाकडं हे दोघांनी आधी ठरवून ठेवा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत नाव न घेता हा विषय मांडा, दहा शाळांपैकी चार जणांकडं असं कुणीतरी निघेल बघा, ऊसतोडीला गेलेल्या घरातलं, वीटभट्टीवरचं, बाप पिणारा. तुम्ही बीडचे, तुम्हाला काय सांगायचं.

शेवटचं, बदली. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये पण आंतरजिल्हा बदलीचा फॉर्म तुम्ही भरलेला असणार, भरायलाच पाहिजे, तुमचंही घर आहे. ऑर्डर आली की त्याला लोकांकडून कळायच्या आत तुम्ही सांगा. का जाताय, कधी जाताय, तुझ्यामुळे नाही जात. नवीन येणाऱ्या सरांना किंवा मॅडमना एक दिवस तरी तुम्ही असताना बोलवा, त्याच्यासमोर ओळख करून द्या, आणि त्यांना एका कागदावर एवढं लिहून द्या: आवाजाच्या आधी सांगा, मागून हात लावू नका, टेबलाखाली गेला तर ओढू नका, परसबागेचं पाणी त्याच्याकडं आहे. घरात काय झालं ते त्या कागदावर लिहायची गरज नाही. बालसंगोपनचा अर्ज कुठं अडकला तर परत लिहा, पुण्यातल्या ऑफिसात मी जाऊन विचारते.